ऑपरेशनआधीचे चार आठवडे, नंतरचे चार दिवस

मोठ्या आतड्याचा गाठ असलेला भाग काढून उरलेली टोकं जोडायची, असं ऑपरेशन ठरलं की घरचे लोक आठ-दहा दिवसांच्या तयारीनेच येतात. नाकात नळी, लघवीला नळी, पोटात ड्रेन (आत साचलेलं पाणी बाहेर काढणारी नळी), हाताला सलाईन आणि ‘गॅस पास झाल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही’ हे सगळं गृहीत धरलेलं असतं. आमच्या वॉर्डात यातलं बरंचसं आता होत नाही, आणि गुंतागुंत झाली नाही तर पेशंट चौथ्या-पाचव्या दिवशी घरी जातो. या पद्धतीला ईरास म्हणतात (एनहान्स्ड रिकव्हरी आफ्टर सर्जरी, म्हणजे ऑपरेशननंतर लवकर सावरणं). तिच्या यादीत वीसेक गोष्टी आहेत आणि त्यातल्या बहुतेक फार खर्चाच्या नाहीत. अडचण वेगळीच आहे. प्रत्येक गोष्ट एकाने लिहायची असते, दुसऱ्याने करायची असते आणि बऱ्याचदा तिसऱ्याने थांबवायची असते. पद्धत बिघडते ती या देवघेवीत.

कोपनहेगनचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात याची सुरुवात केली. पोट उघडून डाव्या बाजूचं आतडं काढलेल्या १६ पेशंटची माहिती त्यांनी १९९९ साली छापली. त्यातले किमान निम्मे दोन दिवसांत घरी गेले होते. पुढे २००१ मध्ये युरोपातल्या सर्जननी गट करून याचा नियमबद्ध आराखडा बांधायला घेतला. त्या गटाच्या घरच्या अंगणात, स्टॉकहोममध्ये, आतड्याच्या कॅन्सरच्या ९५३ पेशंटचा हिशोब २०११ साली छापून आला. सुरुवातीच्या काळात यादीतल्या जेमतेम ४३ टक्के गोष्टी प्रत्यक्षात होत होत्या. नंतर ते प्रमाण ७१ टक्क्यांवर गेलं आणि गुंतागुंत घटली. ज्यांनी यादी केली त्यांच्याकडेही ती निम्मी पाळली जात नव्हती, हे कळलं की आपल्या वॉर्डात काय होत असेल याचा अंदाज येतो.

कामाची सुरुवात ओपीडीत, बायॉप्सीचा रिपोर्ट हातात आला त्याच दिवशी होते. उजव्या बाजूच्या आतड्याच्या गाठी महिनोन्‌महिने नकळत झिरपतात. पेशंट ‘थकवा येतो’ एवढंच सांगत येतो आणि हिमोग्लोबिन ७ किंवा ८ निघतं. तोंडाने लोहाच्या गोळ्या द्यायला तेवढा वेळ नसतो, आणि गाठीमुळे शरीर लोह नीट शोषतही नाही. म्हणून फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज या लोहाचं इंजेक्शन सलाईनमधून पंधरा मिनिटांत देतो. एका वेळी आणि एका आठवड्यात १००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. त्याचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून ते पहिल्या भेटीतच द्यावं लागतं. बहुतेक ठिकाणी हे नेमकं उलटं घडतं. भरती झाल्यावर, भूलतज्ज्ञांच्या तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघतं आणि आदल्या रात्री घाईघाईने रक्ताच्या बाटल्या चढवल्या जातात. जे रक्त टाळता आलं असतं ते दिलं जातं, एवढाच त्याचा अर्थ.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मंजुरी, सीटी स्कॅन, हृदयाची तपासणी या सगळ्यात दिवस जातातच. हे दिवस घरी बसून घाबरण्यात घालवायचे की वापरायचे, हा खरा प्रश्न. आम्ही पेशंटसोबतच्या एका माणसाचं नाव फाइलवर लिहून घेतो. सगळ्या सूचना त्या एकालाच. पाच नातेवाइकांना पाच वेळा सांगितलं की पाच वेगळ्या गोष्टी घरी पोचतात.

तंबाखू किमान चार आठवडे बंद. विडी-सिगारेट विचारली की पुरुष खरं सांगतात, पण बायकांना ‘तंबाखू खाता का?’ विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. ‘मावशी, मिश्री लावता का?’ असंच विचारावं लागतं. दारूही चार आठवडे बंद. पण रोज पिणाऱ्याने एकदम घरीच सोडू नये. हात थरथरणं, भ्रम होणं, झटका येणं हे ऑपरेशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू झालं तर सगळंच अवघड होतं. त्याने आधीच सांगितलं तर औषध देऊन सोडवता येते.

प्रथिनं रोज वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम. ५० किलोच्या बाईला ६० ते ७५ ग्रॅम. पोळी-भाजी-भातावर एवढी भरत नाहीत. एका अंड्यात सहाच्या आसपास, पेलाभर दुधात तेवढीच, मूठभर शेंगदाण्यांत सात, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठरा असं जोडून दाखवलं की घरचे लोक स्वतःच गणित करतात. उपवास या काळात नाही. सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर ऑपरेशन आठवडा-दोन आठवडे मागे घेऊन आधी खायला घालणं परवडतं. मात्र आतडं पूर्ण बंद पडत चाललं असेल तर ही मुभा नसते.

रोज अर्धा तास चालणं, दम लागेल पण बोलता येईल इतक्या वेगाने. आणि प्लास्टिकच्या तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र. हे यंत्र दहातल्या निम्म्या घरांत उलटं वापरलं जातं. लोक त्यात फुंकतात. फुंकून फुप्फुस फुलत नाही. ओठ घट्ट लावून हवा आत ओढायची, गोळी दोन-तीन सेकंद वर धरायची, तासाला दहा वेळा. जोरात ओढून तिन्ही गोळ्या एकदम उडवण्यापेक्षा सावकाश एक-दोन गोळ्या टिकवणं जास्त कामाचं. ओपीडीतच समोर बसवून करून घ्यावं, कारण टाके पडल्यावर नवीन गोष्ट शिकण्याची कुणाची तयारी नसते.

मधुमेहींच्या गोळ्यांचे वेष्टन मागवून स्वतः पाहावे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद कराव्या लागतात. नाहीतर साखर जवळपास ठीक दिसत असतानाच रक्तात आम्ल साठतं, आणि ग्लुकोमीटर पाहून कुणाला शंकाही येत नाही. शिवाय ही औषधं मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत येतात. पेशंट ‘साखरेची गोळी’ एवढंच सांगतो.

आता उपास. ‘रात्री बारानंतर काही नको’ हे वाक्य आपल्या दवाखान्यांतून जाता जात नाही. भूल देताना पोटातलं श्वासनलिकेत जाण्याची भीती खरीच आहे, पण पाण्यासारखे पातळ पदार्थ जठरातून दोन तासांत पुढे सरकतात. म्हणून नियम असा: हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत, स्वच्छ पातळ पदार्थ दोन तास आधीपर्यंत. स्वच्छ म्हणजे ज्यातून पेल्याचा तळ दिसतो ते. पाणी, गाळलेलं लिंबूपाणी, कोरा चहा. दुधाचा चहा यात धरत नाही. दूध जठरात जाऊन घट्ट होतं. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पिष्टमय) पावडर ५० ग्रॅम ४०० मिली पाण्यात विरघळवून ऑपरेशनच्या दोन-तीन तास आधी देतो, आदल्या रात्री त्याच्या दुप्पट. याने पेशंट तहानलेला, चिडलेला ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) जात नाही आणि ऑपरेशननंतर इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद कमी बिघडतो. माल्टोडेक्स्ट्रिनच्या जागी तेवढंच ग्लुकोज घातलं तर द्रावण जड होतं आणि जठर रिकामं व्हायला उशीर लागतो. मधुमेहींना, आणि जठर सावकाश रिकामं होणाऱ्यांना, नुसतं पाणी. सेमाग्लुटाइडसारखं (मधुमेहाचं किंवा वजन कमी करण्याचं) इंजेक्शन घेणाऱ्यांचा निर्णय भूलतज्ज्ञांनी वेगळा घ्यायचा.

हे सगळं मोडतं ते ओटीच्या यादीवर. पेशंटचा नंबर दुसरा असतो, पहिली केस लांबते, आणि माणूस चौदा-पंधरा तास कोरडा राहतो. वॉर्डातल्या सिस्टर स्वतःच्या जबाबदारीवर पाणी देणार नाहीत, आणि देऊही नये. यावर एकच उपाय चालला: पहिली केस टेबलावर गेली की भूलतज्ज्ञांनी वॉर्डला फोन करायचा, ‘दुसऱ्या नंबरला अमुक वाजेपर्यंत पाणी द्या,’ आणि सिस्टरनी ती वेळ बेडवरच्या पाटीवर लिहायची. दोन मिनिटांचा फोन आहे. पण तो कुणाचा फोन, हे नाव घालून ठरवलं नाही तोवर होत नव्हता.

पोट साफ करण्याचं औषध उजव्या बाजूच्या आतड्यासाठी आम्ही देत नाही. चार लिटर द्रावण पिऊन रात्रभर जुलाब झालेला पेशंट सकाळी कोरडा पडतो आणि भूल देताच रक्तदाब कोसळतो. गुदाशयाच्या ऑपरेशनला, विशेषतः पोटावर शौचाची तात्पुरती पिशवी काढणार असतील तर, ते द्यावं लागतं. सोबत तोंडाने प्रतिजैविकं द्यावीत की नाही यावर सर्जनमध्ये अजून दोन मतं आहेत.

ओटीतल्या गोष्टी पेशंटला दिसत नाहीत, पण पुढचे चार दिवस तिथेच ठरतात. प्रतिजैविकाचा डोस, साधारणतः सेफॅझोलिन २ ग्रॅम आणि मेट्रोनिडॅझोल ५०० मिलिग्रॅम, चिरा देण्याआधीच्या ६० मिनिटांत जायला हवा. वॉर्डातून नेताना सकाळी आठला टोचलं आणि चिरा अकराला पडला, तर त्याचा उपयोग बराचसा गेलेला असतो. म्हणून ही बाटली पेशंटसोबत ओटीत जाते आणि भूलतज्ज्ञच देतात. ऑपरेशन चार तासांवर गेलं तर सेफॅझोलिन पुन्हा. केस वस्तऱ्याने काढायचे नाहीत, गरज असेल तिथे क्लिपर (केस कापायचं यंत्र).

शरीराचं तापमान ३६ अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. आतड्याच्या ऑपरेशनच्या २०० पेशंटवरचा १९९६ चा एक अभ्यास यासाठी कायम लक्षात ठेवावा असा आहे: ज्यांना थंड पडू दिलं त्यांच्यात जखमेचा संसर्ग १९ टक्के, ज्यांना उबदार ठेवलं त्यांच्यात ६ टक्के. ओटीचा एसी सर्जनच्या घामासाठी लावलेला असतो, आणि उघड्या पोटाचा पेशंट त्याखाली तीन तास असतो. गरम हवेचं पांघरूण ओटीत गेल्यावर नाही, भूल देण्याआधीपासूनच घालावं. सलाईनही कोमट करून.

उलटीचा धोका चार प्रश्नांवर मोजता येतो: बाई आहे का, तंबाखू ओढत नाही का, आधी भुलीनंतर उलटी झाली होती का किंवा गाडी लागते का, ऑपरेशननंतर अफूजन्य वेदनाशामक द्यावं लागणार का. चारही ‘हो’ आले तर उलटीची शक्यता ८० टक्क्यांच्या घरात. आपल्याकडच्या बहुतेक बायका यातल्या तीन प्रश्नांत सहज बसतात. भूल देतानाच डेक्सामेथासोन आणि शेवटी ऑन्डान्सेट्रॉन ४ मिलिग्रॅम, हे उलटी झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा कितीतरी बरं. पोटाच्या भिंतीत भुलीचं इंजेक्शन देताना दोन्ही बाजूंना वीस-वीस मिली ०.२५ टक्के ब्युपिव्हॅकेन भरण्याची सवय असते. तेवढ्यात १०० मिलिग्रॅम औषध जातं. ४५ किलोच्या बाईला ते जास्त आहे. तिथे ०.२ टक्के करून द्यावं. नाकातली नळी ऑपरेशन संपता संपताच काढायची.

सलाईनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण चांगल्या हेतूने सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. एक लिटर नॉर्मल सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं. पहिल्या दोन दिवसांत शरीर मीठ आणि पाणी बाहेर टाकायला नाखूश असतं, त्यामुळे लघवी कमीच होते. रात्री दोनला सिस्टर सांगतात, ‘तासाला पंचवीस मिलीच आहे.’ ड्यूटीवरचे डॉक्टर ५०० मिली लिहितात. सकाळपर्यंत असं तीनदा होतं. हे पाणी रक्तवाहिन्यांत राहत नाही. आतड्याच्या भिंतीत, नुकत्याच जोडलेल्या टाक्यांच्या आजूबाजूला मुरतं, आणि सुजलेलं आतडं हलत नाही. पोट फुगतं, मळमळतं, पेशंट खात नाही, आणि खात नाही म्हणून आणखी सलाईन. पाठीतल्या एपिड्युरलने (दुखणं थांबवायला पाठीत बारीक नळी बसवून दिलेल्या औषधाने) रक्तदाब उतरतो तेव्हाही हाच प्रकार. तिथे पाण्याऐवजी रक्तवाहिन्या आकसवणारं औषध लागतं. आमच्या वॉर्डात लघवी कमी हे एकच कारण सलाईन वाढवायला पुरत नाही. नाडी, रक्तदाब, हातपाय गार आहेत का, ड्रेन असलाच तर त्यातून काय येतंय, हे पाहून मग. रोज सकाळी वजन करतो. अडीच किलोने वाढलं असेल तर पाणी जास्त झालंय.

पण याचं दुसरं टोकही वाईट. २०१८ मध्ये सुमारे ३,००० पेशंटवर झालेल्या मोठ्या चाचणीत ज्यांना सलाईन फार आखडतं दिलं त्यांच्या मूत्रपिंडाला इजा ८.६ टक्क्यांत झाली, सढळ दिलेल्यांत ५ टक्क्यांत. पेशंटला कोरडं ठेवणं म्हणजे ईरास अशी समजूत करून घेतलेले तरुण डॉक्टर मधूनमधून भेटतात. रोजची गरज किलोमागे २५ ते ३० मिली. शुद्धीवर आल्यावर दोन तासांनी घोट घोट पाणी सुरू करायचं आणि पिणं जमतंय हे दिसलं की दुसऱ्या सकाळी सलाईन काढून सुई फक्त बंद करून ठेवायची.

वेदनाशामक घड्याळावर. पॅरासिटॅमॉल १ ग्रॅम दर सहा तासांनी, दुखो न दुखो. ५० किलोच्या आत वजन असेल तर किलोमागे १५ मिलिग्रॅम. ४५ किलोला ६७५ मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलीची अख्खी बाटली लावायची नाही. कागदावर ‘गरज पडल्यास’ असं लिहिलं की ते दिलंच जात नाही, कारण आजोबा मागतच नाहीत. ‘सहन होतंय’ म्हणतात आणि खोकत नाहीत, हलत नाहीत. म्हणून ‘दुखतंय का?’ विचारण्यापेक्षा ‘खोकून दाखवा’ म्हणावं. ट्रॅमाडॉल शेवटी, आणि कमीत कमी. मळमळ आणि मंद आतडं दोन्ही त्याच्यासोबत येतात. आतडं जोडलेलं असताना डायक्लोफिनॅकबद्दल शंका उपस्थित करणारे अभ्यास आहेत, त्यामुळे ते आम्ही सवयीने लिहीत नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळीच उठवायचं. ठरलेलं उद्दिष्ट ऑपरेशनच्या दिवशी दोन तास आणि नंतर रोज सहा तास बेडच्या बाहेर, खुर्चीवर बसणं धरून. औषधाचा डोस दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने सुरुवात. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, कोपराने रेटून उठायचं. पोटाच्या जोरावर सरळ उठलं की कळ येते आणि पुढच्या वेळी माणूस नाही म्हणतो. दोन मिनिटं बसवून रक्तदाब, मग उभं. टाक्यांवर उशी दाबून खोकायचं. नातेवाइकांची भीती ‘टाके उसवतील’ ही. ती ओपीडीतच काढलेली बरी, नाहीतर सिस्टर उठवतात आणि मुलगा परत निजवतो. पायात घसरणाऱ्या रबरी चपला नकोत. बायकांनी साडीऐवजी गाऊन आणावा, आणि बैठ्या संडासाऐवजी कमोडची खुर्ची मिळते का हे आधी पाहून ठेवावं.

लघवीची नळी दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला काढायची. दुपारी काढली आणि लघवी अडली तर ते रात्री कळतं, माणसं कमी असताना. गुदाशयाच्या ऑपरेशनला ती एक-दोन दिवस जास्त राहते. ‘राउंडला विचारून काढू’ असं ठेवलं की तिसरा दिवस उजाडतो. नळी आहे म्हणून चालणं नाही, चालणं नाही म्हणून गॅस नाही.

रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम रोज. एपिड्युरल असेल तर वेळ फार महत्त्वाची: शेवटच्या डोसनंतर बारा तासांनीच पाठीतली नळी काढायची, आणि काढल्यावर चार तासांच्या आत पुढचा डोस नाही. म्हणून इंजेक्शन संध्याकाळी सहाला आणि नळी सकाळी आठला, असं ठरवूनच टाकलंय. ही वेळ औषधाच्या कागदावर लाल शाईने लिहिलेली असते, कारण नळी काढतात भूलविभागाचे लोक आणि इंजेक्शन देतात वॉर्डातले.

खाणं पहिल्या संध्याकाळी मुगाचं कढण, ताक. दुसऱ्या दिवशी इडली, मऊ वरणभात. थोडं थोडं, सहा वेळा. भूक नसेल तर बळजबरी नाही, आणि उलटी झाली तर थांबायचं. च्युइंगम दिवसातून तीनदा दिल्याने आतडं लवकर जागं व्हायला थोडी मदत होऊ शकते. पण दात नसलेल्या आजींना ते देऊन उपयोग नाही, गिळून टाकतात.

ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या दिवशी सीआरपी (शरीरातला दाह, संसर्ग दाखवणारी रक्ततपासणी). १५० च्या वर असेल तर पेशंट कितीही बरा दिसो, घरी सोडत नाही. आतड्याचा जोड गळायचा झाला तर बहुधा पहिल्या आठवड्यातच गळतो. खांदा दुखणं, नाडी १०० च्या वर राहणं, ‘काहीतरी बरं वाटत नाही’ असं पेशंटने म्हणणं, यातलं काहीही असलं तरी सर्जनना बोलवायचं. लवकर घरी पाठवण्याच्या नादात हे निसटलं तर जीवावर बेततं.

सोडताना दिवस मोजत नाही. जेवण पचतंय, गोळ्यांवर दुखणं आवरतंय, संडासपर्यंत एकटं जाता येतं, गॅस सरतोय, ताप नाही, एवढं जमलं की झालं. मात्र तालुक्याच्या पलीकडचं गाव तीन तासांवर असेल, तर शहरातल्या पाहुण्यांकडे किंवा धर्मशाळेत आणखी तीन-चार दिवस राहायला सांगतो. ते नसेल तर कॉट अडली तरी चालेल. ताप १००.४ च्या वर, दोनदा उलटी, पोट फुगणं, जखमेतून पू, एका पायाला सूज, यांची चिठ्ठी मराठीत, मोठ्या अक्षरांत, वॉर्डच्या फोन नंबरसह. घरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सिस्टरच फोन करतात. पेशंट स्वतःहून करत नाही, डॉक्टरांना त्रास नको म्हणून.

कॅन्सर असेल तर एनॉक्सापॅरिन एकूण २८ दिवस. फाइलवर नाव असलेल्या नातेवाइकाकडून भरती असतानाच दोन इंजेक्शनं टोचून घ्यायची, आणि सुया टाकायला जाड झाकणाचा डबा द्यायचा. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट कुणी आणायचा आणि केमोच्या डॉक्टरांना कधी भेटायचं हेही सोडण्याच्या कागदावर असतं. केमो लागणार असेल तर ती सहा ते आठ आठवड्यांत सुरू व्हावी लागते, आणि तोवर पेशंटचं वजन परत आलेलं असावं लागतं.